एकच आग, पुन्हा पुन्हा

ही आग नीट बघून ठेवा. १९६० सालच्या 'हाउस ऑफ अशर'मध्ये शेवटी वाडा जळतो, त्यातली ही दृश्यं. जळतंय मात्र कॅलिफोर्नियातल्या ऑरेंज काउंटीतलं एक जुनं कोठार. ते पाडायचंच होतं. दिग्दर्शक रॉजर कॉरमन मालकाला म्हणाला, पाडू नका, रात्री पेटवू द्या. पुढे एडगर ॲलन पोच्या कथांवर त्यानं आणखी चित्रपट काढले. त्यांतले वाडे बदलले, पण आग पुन्हा पुन्हा हीच वापरली.

कॉरमन शिकलेला इंजिनिअर, स्टॅनफर्डचा. विजेच्या मोटर बनवणाऱ्या कंपनीत सोमवारी रुजू झाला आणि गुरुवारी नोकरी सोडली. मग फॉक्स स्टुडिओत निरोप्या. इंजिनिअरिंग सुटलं, पण डोकं इंजिनिअरचंच राहिलं: उभा सेट रिकामा पडलेला त्याला बघवत नसे. 'द लिटल शॉप ऑफ हॉरर्स'चं मुख्य शूटिंग दोन दिवस आणि एका रात्रीत उरकलं. दंतवैद्याकडे दुखवून घ्यायला हौसेनं आलेला त्यातला पेशंट ओळखलात? तरुण जॅक निकल्सन.

'द टेरर'ची तर गंमतच. आधीच्या चित्रपटाचा सेट मोडायच्या आत बोरिस कार्लोफची दृश्यं दोन-चार दिवसांत घेऊन टाकली. गोष्ट धड ठरलेलीही नव्हती. उरलेले तुकडे महिनोन् महिने निरनिराळ्यांनी चित्रित केले. त्यात पुढे 'गॉडफादर' दिग्दर्शित करणारा फ्रान्सिस कोपोला होता, खुद्द निकल्सनही. कथा समजते का? फारशी नाही.

एका चित्रपटात मात्र त्यानं सांगायचं ते उघड सांगितलं. 'द इंट्रूडर', १९६२. गोऱ्यांच्या शाळेत काळी मुलं येणार म्हणून गावाला चिथावणारा उपरा, भूमिकेत विल्यम शॅटनर. शूटिंग मिसुरीतल्या खऱ्या गावांत, गर्दीतली माणसं तिथलीच. पूर्ण पटकथा त्यांना दाखवली नव्हती. विषय कळला तसा विरोध सुरू झाला, धमक्या आल्या. पैसा रॉजर आणि त्याचा भाऊ जीन यांचा स्वतःचा. समीक्षकांनी वाखाणलं, प्रेक्षक फिरकले नाहीत. माझ्या मते हेच त्याचं सर्वोत्तम काम. पुढे आत्मचरित्राच्या शीर्षकातच त्यानं छातीठोकपणे सांगितलं, शंभर चित्रपट काढले, दमडी गमावली नाही. हा एक तो सोयीस्कर विसरला असावा. यानंतर सांगायचं ते तो करमणुकीच्या पोटात दडवू लागला.

१९७० मध्ये त्यानं न्यू वर्ल्ड पिक्चर्स काढली. स्कॉर्सेसी, डेमी, कॅमेरॉन, पुढे नावाजलेले हे दिग्दर्शक सगळे उमेदवारीच्या काळात त्याच्या हाताखालून गेले. तीच कंपनी स्वीडिश दिग्दर्शक बर्गमनचा गंभीर 'क्राइज अँड व्हिस्पर्स' घेऊन आली आणि त्यानं तो चक्क ड्राइव्ह-इनमध्ये लावला, मोटारीत बसून राक्षसपट बघणाऱ्यांसमोर.

आता 'गॉडफादर'चा दुसरा भाग. सिनेटच्या चौकशी समितीत बसलेला हा गृहस्थ बघा. कोपोलानं आपल्या जुन्या मालकाला दिलेली खुर्ची आहे ती.