घुमटासमोर दोन माइक

(दृश्य : पाऊस. टेम्पोतून सामान उतरवणारे हात.)

डिचोलीहून पणजीला आलेला हा टेम्पो एरवी नारळ वाहतो. आज त्यात एका रॉक बँडचा बास ड्रम आहे, दोन अँप्लिफायर आहेत, आणि मागच्या कोपऱ्यात, आजीच्या गोधडीत गुंडाळलेलं घुमट, मडक्यासारखं मातीचं तालवाद्य. ताडपत्री अपुरी पडली तेव्हा ती गोधडीवर ओढली गेली. अँप्लिफायर पुसता येतात.

शनिवारी रात्री नऊ ते दहा हा तास इथल्या रेडिओवर गोव्यातल्या रॉक बँडांचा असतो. गाणं स्वतःचं हवं, एवढीच अट. भाषा कोकणी, मराठी, इंग्रजी, पोर्तुगीज, कुठलीही चालते. वाजवायचं मात्र स्टुडिओत येऊन, सगळ्यांनी एकत्र.

(दृश्य : किनाऱ्यावरचं हॉटेल, छोटा मंच, टाळ्या.)

गोव्यात बँडला काम मिळतं. हॉटेलं आहेत, लग्नं आहेत, डिसेंबर आहे. पण समोर बसलेल्यांना हवी असतात ऐकलेली गाणी. आपलं गाणं शेवटाला ठेवावं लागतं, आणि 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार उघड्यावरचा ध्वनिक्षेपक रात्री दहाला बंद. कित्येक गाणी अशी दहाच्या ठोक्याला अडकून राहतात. आम्ही टेम्पोतल्या या बँडच्या मुलांबरोबर दोन महिने फिरलो. त्यांची स्वतःची चार गाणी आहेत, आणि त्या दोन महिन्यांत मंचावर त्यांतलं एकही पूर्ण वाजलं नाही.

आपलं गाणं लोकांपर्यंत न्यायची धडपड इथे जुनी आहे. 1984 साली शिवोलीच्या रेमो फर्नांडिस यांनी आपल्या घरीच, चार ट्रॅकच्या यंत्रावर, 'गोवन क्रेझी' ही कॅसेट ध्वनिमुद्रित केली. बहुतेक वाद्यं स्वतःच वाजवली. मग स्कूटर काढून दुकानोदुकानी कॅसेट पोचवल्या. आज ध्वनिमुद्रण मोबाइलवरही होतं. गाणं कुणाच्या कानावर पडावं कसं, हा प्रश्न मात्र त्या स्कूटरइतकाच जुना आहे.

(दृश्य : गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या माटोळीखाली आरती. घुमट, शामेळ हे चर्मवाद्य, कांसाळें म्हणजे झांजा.)

हे गणेश चवथीचं चित्रण डिचोलीतल्या घरचं. डावीकडून दुसरा, लाल सदऱ्यातला, तो आपला ड्रमर. आरत्या मराठी, ताल घुमटाचा. ड्रमच्या काड्या हातात यायच्या आधी दहा वर्षं त्याचे हात या मडक्यावर होते.

त्याचा हात बघा. मोठं तोंड चामड्याने मढवलेलं, त्यावर उजवा हात. धाकटं तोंड उघडं, त्यावर डावा तळवा. तळवा झाकला, उचलला, की आवाज पोटातून वर येतो. पूर्वी यावर घोरपडीचं चामडं असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने घोरपडीला संरक्षण मिळालं, आणि आता चामडं बकरीचं असतं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान दिला. रॉक बँडात त्याला जागा कोण देणार, ते असं एखाद्या आरतीत ठरतं.

(दृश्य : स्टुडिओ. जवळून : घुमट आणि माइक.)

पहिला प्रयत्न फसला. चामड्यासमोर एक माइक ठेवला, तर नुसती टपटप ऐकू आली. घुमार गेला कुठे? तंत्रज्ञ काचेपलीकडून उठून आत आले, जमिनीवर बसले, आणि घुमटाच्या मागच्या तोंडाशी कान नेला.

मग दुसरा माइक तिथे लागला. तोही सरळ समोर नाही, जरा तिरका, नाहीतर तळवा उचलताना हवेची फुंकर माइकवर आदळते. आता दोन्ही माइक चालू केले, तर आवाज आणखीच बारीक झाला! कारण चामडं आत दबतं त्याच क्षणी मागच्या तोंडातून हवा बाहेर पडते. एका माइककडे लाट ओढ घेते, दुसऱ्याकडे धक्का देते, आणि दोघी एकमेकींना खाऊन टाकतात. तंत्रज्ञांनी मागच्या माइकचं एक बटण दाबलं. त्याची लाट उलटी झाली.

(ध्वनी : घुमट, पाच सेकंद. निवेदन नाही.)

एवढ्यात एसीच्या कोरड्या हवेत चामडं ताणलं आणि सूर चढला. एसी बंद केला. त्यानंतर ड्रमचा आवाज घुमटाच्या माइकमध्ये शिरू लागला, तेव्हा मधे उभी राहिली ती आजीची गोधडी, दोन खुर्च्यांवर टाकलेली. या एका वाद्यावर पावणेदोन तास गेले. 'पुढच्या खेपेला बघू' असं कुणीही म्हणालं नाही, आणि हा कार्यक्रम आम्हाला मोलाचा वाटतो तो यासाठीच.

(दृश्य : वहीवर झुकलेली दोन डोकी.)

बास वाजवणारी मुलगी सासष्टीची. तिने चर्चमध्ये व्हायोलिनबरोबर नोटेशन शिकलं. ड्रमर तोंडाने घुमटाचे बोल सांगतो, ती पाच रेघांवर टिपते. चौथ्या ओळीला दोघांचं जुळत नाही. ती खोडते. तो पुन्हा सांगतो, या वेळी टेबलावर वाजवून.

गाणं मराठी आहे, डिचोलीच्या लाल रस्त्याचं. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या तेव्हा ड्रमर शाळेत होता. घरासमोरून जाणारे खनिजाचे ट्रक एका दिवशी यायचे बंद झाले.

(दृश्य : खिडकी, रेडिओ, म्हातारे हात.)

हे त्याचे आजोबा. रेडिओ खिडकीतच का, असं आम्ही विचारलं, तर ते लहानपणावर गेले. 25 नोव्हेंबर 1955 पासून आंबोलीच्या जंगलातून एक गुप्त रेडिओ केंद्र बोलू लागलं होतं, 'गोंयचे सोडवणेचो आवाज', म्हणजे गोव्याच्या मुक्तीचा आवाज. वामन सरदेसाई आणि लिबिया लोबो ते चालवत. आजोबांचे वडील दारं लावून, आवाज बारीक करून ऐकत, आणि पोराला बाहेर पहाऱ्याला बसवत. पणजीचं पोर्तुगीज सरकारचं केंद्र 'एमिसोरा द गोवा' मात्र मोठ्याने लावलं तरी चालत असे. 1961 च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला, आणि तेव्हापासून या घरात रेडिओ खिडकीत असतो, मोठ्या आवाजात.

एफएमच्या लहरी सरळ जातात, डोंगर आडवा आला की अडतात. सत्तरीच्या बाजूला आवाज तुटतो. या खिडकीत, एरियल असं तिरकं धरलं तर, येतो.

(दृश्य : घड्याळ, नऊ वाजून वीस. लाल दिवा.)

प्रसारणानंतर बँडला फोंड्यात दोन आणि मडगावात एक कार्यक्रम मिळाला. गिटारवादकाने नोकरी सोडलेली नाही.

पुढच्या शनिवारी काणकोणचा बँड येतो आहे. त्यांच्याकडे टेम्पो नाही. ड्रम बसच्या टपावरून येतील.

(ध्वनी : खिडकीतल्या रेडिओवरून गाणं. आधी घुमट, मग बास. आजोबा एरियल धरून उभे. गाणं संपेपर्यंत चित्र तोडू नये.)