तू कोणाची गो?

(सकाळचं कुळागर. पाटातून वाहणारं पाणी, सुपारीवर चढलेले मिरीचे वेल.)

गोव्याच्या फोंडा तालुक्यातलं हे घर. राजांगणात आजी अबोलीचा वळेसर करत बसल्या आहेत. दोन फुलं, एक गाठ, पुन्हा दोन फुलं. बोटं कुठेही अडत नाहीत. शेजारी बसलेल्या नवऱ्याचं नाव मात्र त्यांना कधी आठवतं, कधी नाही. डॉक्टरांनी डिमेन्शियाचं निदान केलं, त्याला आता चार वर्षं झाली.

समोर चटईवर बसलेल्या बाईंकडे आजी निरखून बघतात. "तू कोणाची गो?"

आपल्याकडे हा प्रश्न नावाच्याही आधी येतो. घर, गाव, वाडा, सगळं त्यात आलं. त्या बाई म्हणतात, "तुमचीच, आजी. कोर्टानं मला तुमच्यासाठी पाठवलंय."

त्या वकील आहेत. पण त्यांना या घरातल्या कुणी नेमलेलं नाही.

आजोबांनी पर्वरीला, उच्च न्यायालयात अर्ज केला आहे: पत्नीचा पालक म्हणून मला नेमा. औषधं, रात्रीची बाई, सगळ्याचा खर्च वाढलाय. कुळागराचा एक तुकडा विकायचा, तर सही अडते. गोव्यात अजून १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा चालतो. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल, तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते आणि जमीन विकायला दोघांचीही संमती लागते. आजोबा सही करतील. आजींची कोण करणार?

कुलमुखत्यारपत्र करून घ्या, असं गावात सगळेच सुचवतात. पण आपण काय लिहून देतोय हे देणाऱ्यालाच कळत नसेल, तर त्या कागदाला अर्थ नाही. आधी करून ठेवलेलं असलं, तरी देणाऱ्याचं मन विकल झालं की १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे तेही संपतं. हे बहुतेकांना तोपर्यंत माहीतच नसतं.

बरं, पालक नेमायचा तरी कोणत्या कायद्यानं? १८९० चा पालक कायदा अठरा वर्षांखालच्यांसाठी आहे. १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालय पालक नेमू शकत होतं, मालमत्तेला व्यवस्थापक देऊ शकत होतं. २०१७ च्या नव्या कायद्यात तो भागच उरला नाही. आता उपचारांसाठी प्रतिनिधी नेमता येतो, जमिनीसाठी नाही. म्हणून कोमातल्या किंवा डिमेन्शिया झालेल्या माणसांची घरं संविधानाच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयाचं दार ठोठावतात.

(वकीलबाईंची वही. निळ्या शाईतलं अक्षर.)

तिथे अर्जदाराला वकील असतो, सरकारला असतो. जिच्याबद्दल हे सगळं चाललंय, तिच्या बाजूनं कोण? अशा वेळी न्यायालय न्यायमित्र, म्हणजे न्यायालयाला मदत करणारा वकील, नेमू शकतं. या वकीलबाई तशाच आल्या आहेत. नेमू शकतं, नेमलाच पाहिजे असं नाही, आणि मला हे मनापासून चुकीचं वाटतं. आजोबा भले आहेत. बायकोला कालवलेला भात भरवताना मी त्यांना पाहिलंय. तरीही त्यांचा अर्ज कुणीतरी आजींच्या बाजूनं वाचायला हवा.

वकीलबाई पहिल्यांदा आल्या त्या दिवेलागणीला. आजी बावरल्या, रडल्या, "मला घरी न्या" म्हणाल्या. संध्याकाळी असा गोंधळ वाढणं या आजारात नेहमीचंच. तेव्हाच अहवाल लिहिला असता, तर एका ओळीत संपला असता: काही समजत नाही. म्हणून त्या आज सकाळी आल्या. घरच्यांना मागल्या दारी बसायला सांगितलं आणि आजींचा हात धरून पाटाच्या कडेनं निघाल्या.

विकायला काढलेला तुकडा वरच्या अंगाला आहे. तिथून आजी सरळ पुढे गेल्या. झरीपाशी मात्र थांबल्या, दगडावर बसल्या, पाण्यात हात घातला.

"आजी, ही जागा दिली तर चालेल?"

"झरीकडची नको." मग बराच वेळ काही नाही. मग पुन्हा, "नको गो."

वहीत हेच शब्द गेले, जसेच्या तसे.

पासबुकं, जमिनीचा उतारा म्हणजे फॉर्म एक-चौदा, मुलांची संमती, गिऱ्हाईक घरच्यांच्या नात्यातलं आहे का, भाव बाजाराला धरून आहे का, हे सगळं त्या बघतातच. पण खरी कसोटी वेगळी आहे. आजींच्या भल्याचं काय ते सांगायचं, की आजींना काय हवं ते? त्या दोन्ही लिहितात, वेगवेगळं, आणि आजींचं म्हणणं आधी. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा मर्यादित पालकत्वाबद्दल सांगतो, की ते ठरावीक निर्णयापुरतं, ठरावीक काळापुरतं असावं आणि त्या व्यक्तीच्या इच्छेनं चालावं. इथला अर्ज त्या कायद्याखालचा नसला, तरी मोजपट्टी त्या तीच लावतात. म्हणून न्यायालयाला त्या सुचवणार आहेत: परवानगी द्यायचीच तर वरच्या तुकड्यापुरती द्या, पैसे आजींच्या खर्चासाठी वेगळ्या खात्यात ठेवा, हिशेब ठरल्या वेळी न्यायालयात येऊ दे.

आणि झरीकडची जमीन अर्जात पुढे कधीही आली, तर आजींना पुन्हा विचारल्याशिवाय काही नको.

निकाल अजून व्हायचा आहे. त्याआधी वकीलबाई आणखी एकदा येतील, सकाळीच. तोच प्रश्न परत विचारायला.

(आजी वळेसर पुरा करतात. उठतात. तो वकीलबाईंच्या केसांत माळतात.)