पाचवी, पुन्हा

(पहाट. आधी फक्त लाटांचा आवाज.)

हर्णैचा किनारा. सुवर्णदुर्ग अजून अंधारातच आहे. मासळी घेऊन आलेल्या होड्या आत पाण्यात उभ्या आहेत आणि बैलगाड्या सरळ समुद्रात उतरतायत. पाणी बैलांच्या पोटाला लागलं की गाडीवान थांबवतो. टोपल्या गाडीत येतात, गाडी वळते, आणि ती वाळूला लागायच्या आत भोवती बायका जमलेल्या असतात.

मग लिलाव. सुरमईचा ढीग, पापलेटचा ढीग, कोलंबीच्या पाट्या. बोली इतकी भराभर चढते की कोणी कधी मान हलवली ते बाहेरच्याला कळतही नाही. आम्ही इथे दोन सकाळी नुसते उभे होतो, आणि कॅमेरा इथून हलायला तयार नव्हता, हेही कबूल करतो. समुद्रावर पुरुष जातात. मासळी वाळूला लागली की पुढचं सगळं बायकांचं: निवडायची, बर्फात घालायची, डोक्यावरून न्यायची, विकायची, उरेल ती खारवून वाळवायची. आणि बायकांचं काम म्हटलं की हाताखाली मुलगी आलीच.

(कोलंबी सोलणारे हात, जवळून.)

हे हात अकरा वर्षांच्या मुलीचे आहेत. डोकं मोडायचं, कवच सोडवायचं, पाठीवरचा काळा धागा एका ओढीत काढायचा. बर्फाच्या पाण्याने बोटांची टोकं पांढरी पडलीत, अंगठ्याला चीर गेलीय. त्याच अंगठ्याने साडेदहाला पेन्सिल धरायची असते.

घरी तिला बाय म्हणतात, आपणही तेच म्हणू. गाव हर्णैच्या जवळचंच. बाय पाचवीत आहे. गेल्या वर्षीही पाचवीतच होती.

(हजेरीपत्रक. पानं उलटतात.)

गेल्या वर्षीचं हे पान नीट बघा. शाळा जूनच्या मध्याला उघडते. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद. होड्या वर ओढून झापांनी शाकारलेल्या, बर्फ नाही, लिलाव नाही. त्यामुळे कोकणात पाऊस सगळ्यात जास्त कोसळतो त्या दिवसांत बायची हजेरी भरगच्च. ऑगस्ट उजाडतो आणि रकान्यात भोकं पडायला लागतात. गणपतीत आणि शिमग्याला सगळीच मुलं गायब, ते सोडून द्या. पण एरवीच्या या गैरहजेऱ्या तिच्या एकटीच्या आहेत. कधी लिलाव उशिरा सुटला म्हणून. कधी आय मासळी घेऊन बाजाराला गेली आणि सगळ्यात धाकट्या भावंडाला धरायला कोणी नव्हतं म्हणून. तिच्याहून एक वर्षाने लहान भाऊ आहे, चौथीच्या पत्रकात त्याची ओळ वाचून बघा. त्याला कोणी थांबवत नाही.

(खाडी. ओहोटी. चिखलात वाकलेल्या बायका.)

हे थंडीतलं चित्रण. तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, काढायला कधी निघायचं हे घड्याळ सांगत नाही, तिथी सांगते. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. बायला आम्ही सहज विचारलं, आज चतुर्थी, मग गो? ती टोपलीतून मान वर न करता म्हणाली, "चार पाऊणे तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला सुकती." पाऊणकी, म्हणजे पाऊणचा पाढा, तिला पाठ आहे, कोणी बसवून शिकवलेली नाही. वार्षिक परीक्षेत तीन छेद चारचं गणित आलं होतं. ते तिने कोरं सोडलं.

(मुरूडचा रस्ता.)

हर्णैपासून मुरूड जवळ. मुरूडचे धोंडो केशव कर्वे सतराव्या वर्षी सहावीच्या परीक्षेसाठी पायी साताऱ्याला गेले होते. तिथे वय लहान दिसतं म्हणून त्यांना बसू दिलं नाही. परीक्षा पुढच्या वर्षी, कोल्हापूरला. याच कर्व्यांनी १९१६ साली महिला विद्यापीठ काढलं. एक वर्ष गेल्याची गोष्ट या किनाऱ्याला नवी नाही. पण तो मुलगा परीक्षेसाठी सह्याद्री ओलांडून गेला होता. बायची शाळा घरापासून हाकेवर आहे.

(शाळेची भिंत, वर्ग, प्रगतिपुस्तक.)

पहिली ते चौथी, प्रत्येक प्रगतिपुस्तकावर शेवटी एकच शब्द: वर्गोन्नत. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० ला लागू झाला आणि आठवीपर्यंत कोणालाही मागे ठेवायचं नाही असं ठरलं. हेतू चांगलाच होता. नापासाचा शिक्का बसलेली मुलगी घरी बसते, हे आपण पिढ्यान् पिढ्या पाहिलेलं. पण वर ढकललेल्या मुलीचं राहिलेलं कोणी भरून घ्यायचं, ते वर्गावर अवलंबून राहिलं, आणि वर्ग कुठे दोन शिक्षकी, कुठे एकशिक्षकी. मग २०१९ मध्ये कायदाच बदलला. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियम केले: पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा, नापास झालं तर पुन्हा एक संधी, तीही गेली तर त्याच वर्गात. मुलींची हजेरी टिकावी म्हणून १९९२ पासून रोज एक रुपया भत्ता आहे, तो चौथीपर्यंत आणि ठरावीक घटकांतल्या मुलींनाच. एका रुपयात बर्फाचा गोळासुद्धा येत नाही.

चार वर्षं कागदावर काहीच न राहिलेली मुलगी पाचवीत एकदम राहिली.

दुसऱ्यांदा पाचवीत बसलेली मुलगी सहावीला येतेच असं नाही. गुरुजी एवढंच बोलले आणि खडू शोधायला वळले.

(वर्ग. मागची रांग.)

उंच म्हणून तिला मागे बसवलंय. शेजारी तिचा भाऊ. तोही यंदा पाचवीत आला. पुस्तक एकच उघडलंय, ते त्याच्या बाजूला.

(किनारा. पाऊस थांबलेला.)

होड्यांवरची झापं उतरवली जातायत. कोणी तळाला रंग देतोय, कोणी जाळ्याची फाटकी डोळी शिवतोय. बर्फाची पहिली गाडी आली. हजेरीपत्रकात आजच्या रकान्यात बायची खूण आहे.

आज ३१ जुलै.