अकरा दिवसांचा झाडपाला

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय ‘दुःख आणि श्रद्धा’ असा छापलाय. एवढा मोठा विषय हाती घेतला की वक्ता हमखास प्रवचनात घसरतो. म्हणून मी एका बाईबद्दलच बोलतो: पंडिता रमाबाई.

वडील अनंतशास्त्री डोंगरे. बायकोला संस्कृत शिकवलं म्हणून लोकांचा रोष पत्करलेला हा विद्वान कुटुंब घेऊन तीर्थं हिंडत, पुराण सांगत राहिला. १८७० नंतर दक्षिणेत दुष्काळ पडला. गाठीला होतं ते दानधर्मात आणि अनुष्ठानांत गेलं, देव पावेल या भरवशावर. भीक मागायची लाज, मजुरीची सवय नाही. शेवटी रानात अकरा दिवस पाणी आणि झाडपाला. डोळे गेलेले शास्त्रीबुवा जलसमाधी घ्यायला निघाले. मुलगा श्रीनिवास म्हणाला, मी मजुरी करीन, तेव्हा कुठे थांबले. १८७४मध्ये ते गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. रमाबाई तेव्हा सोळा वर्षांच्या.

तुकोबांनी दुष्काळानं आपलं बरंच केलं असं देवाला सांगितलं. रमाबाईंचं तसं नाही. या उपासमारीनं त्यांचा लहानपणापासूनच्या देवांवरचा विश्वास उडाला. पुढं भाऊ गेला, लग्न झालं, १८८२मध्ये पटकीनं नवराही गेला. पदरी लहानगी मनोरमा. १८८३मध्ये इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रानं हे त्यांना अजून पुरतं माफ केलेलं नाही, पण तो वाद आज नको. मला महत्त्वाचं वाटतं ते वेगळंच. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी त्यांना जाणवलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त मिळालेला नाही. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. म्हणजे दुःखाच्या पोटातून श्रद्धा, श्रद्धेतून लगेच जीवनकार्य, असा सरळ हिशेब त्यांच्या बाबतीत लागत नाही.

हिशेब लागला तो १८९६मध्ये. मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या बातम्या आल्या आणि बावीस वर्षांपूर्वीची ती भूक त्यांच्यापुढे उभी राहिली. विधवांसाठी त्यांनी काढलेल्या शारदा सदन या शाळेचाच खर्च जेमतेम भागत होता, तरी त्या तिकडे निघाल्या. देव पाठवतोय तर अन्नाचीही तोच तजवीज करील, अशी त्यांची धारणा. वडिलांचाही भरवसा असाच होता, नाही का? फरक एवढाच, की वडील देव देईल म्हणून वाट पाहत बसले आणि मुलगी त्याच भरवशावर गाडीत बसली. सुमारे ३०० मुली आणि बायका त्यांनी आणल्या. पुण्यात प्लेगचे निर्बंध, म्हणून दौंडजवळ केडगावच्या माळावर तंबू ठोकले. तीच त्यांची ‘मुक्ती’ ही आश्रमसंस्था.

या मुली ख्रिस्ती व्हाव्यात असं रमाबाईंना वाटे आणि मुक्तीत त्यांनी ते लपवलं नाही. टीकाकारांचा तेवढा मुद्दा मी मान्य करतो. पण तिथली दिनचर्या बघा. प्रार्थना होतीच, शिवाय विणकाम, शेती, छापखाना. रमाबाईंच्या माहेरी वेद-पुराणं होती, पण पोट भरायची विद्या कुणाच्या हाताला नव्हती. ती उणीव त्यांनी केडगावात एकेका मुलीपुरती भरून काढली. पुढं मूळ हिब्रू आणि ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणलं. ते मुक्तीतच छापलं गेलं, आणि त्याचे खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, तिथल्याच बायकांनी जुळवले.