कोणाचे पाहुणे?

जय ख्रिस्त. साताऱ्यात नव्यानं आलेल्यांशी बोला, असं पाळकसाहेब म्हणाले. मीही अठरा वर्षांपूर्वी नवीनच होते, तेवढंच सांगते.

मी मिरजेची. डॉ. वानलेस यांनी 1894 साली काढलेल्या मिशन हॉस्पिटलच्या आधारानं आमच्यासारखी कितीतरी घरं तिथं उभी राहिली. रविवारी उपासनेला दिसले नाही की दुपारी कुणीतरी दारात हजर: ‘ताप आलाय का गं?’ या चौकशीचा मला कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू!

मग यजमानांची बदली झाली. निघताना मंडळीचा दाखला मिळाला, म्हणजे ‘या आमच्या चर्चच्या सभासद, यांना आपल्यात घ्या’ असं नव्या मंडळीला सांगणारं पत्र. तो पर्समध्ये ठेवला. इथं पहिल्याच रविवारी एका काकूंनी विचारलं, ‘कोणाचे पाहुणे तुम्ही?’ आपल्याकडं पाहुणे म्हणजे सोयरे. म्हटलं, कोणाचेच नाही. ‘अस्सं,’ म्हणाल्या आणि गेल्या. पुढच्या रविवारी दुसऱ्या काकू, प्रश्न तोच. मी रुसले. दाखला पर्समध्येच राहिला आणि आम्ही मागच्या बाकावर. मीसुद्धा कुणाला नाव विचारलं नव्हतं, हे तेव्हा सुचलं नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राचा सोळावा अध्याय आपण भराभर वाचतो, कारण त्यात नावंच नावं. पण सुरुवात बघा. करिंथजवळच्या बंदरातली फीबी रोमला निघाली आहे, आणि पत्र लिहिणारा प्रेषित पौल म्हणतो, हिचं स्वागत करा, हिला लागेल ती मदत करा. म्हणजे दाखलाच की! ते अख्खं पत्र तिनंच नेलं असावं, असं बरेच अभ्यासक मानतात. तिनं माझ्यासारखं पर्समध्ये ठेवलं असतं, तर रोमकरांना काय वाचायला मिळालं असतं?

माझं गाडं सुटलं ते पातेल्यांपाशी. हंगामाच्या सणाला जेवण होतं, भांडी घासायला बायका कमी पडल्या. मी पदर खोचून बसले. शेजारच्या बाईंना चार महिने बघत होते, नाव ठाऊक नव्हतं. काथ्या माझ्याकडं सरकवत त्या म्हणाल्या, ‘धाकटीचा खोकला थांबला का हो?’ पोरगी मागच्या बाकावर खोकायची, आणि या बाई पुढं बसून रविवारमागून रविवार तो खोकला ऐकत होत्या! त्या संध्याकाळी त्या अडुळशाचा काढा घेऊन घरी आल्या. पुढं कळलं, त्यांचा बाप्तिस्मा झालेला नाही. घरच्यांना चालत नव्हतं, म्हणून मंडईला जाते सांगून त्या उपासनेला यायच्या.

याच साताऱ्यात 1917 साली रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी ‘देवाचा दरबार’ मांडला, म्हणजे ख्रिस्ताच्या मागं जाणाऱ्यांचा मेळा. अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडून, वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही त्यात जागा होती. दोन वर्षांत, 1919 साली, टिळक गेले. पण साताऱ्यात तो दरबार कुठं भरायचा, असं मला कुणी विचारलं, तर मी आपल्या मंडळीच्या मागच्या नळाकडं बोट दाखवीन. इतिहासाच्या अभ्यासकांनी क्षमा करावी.

दाखला शेवटी मी नेऊन दिला. घड्यांवर फाटायला आला होता. तेव्हाच्या पाळकसाहेबांनी तारीख बघितली, चष्मा वर केला.

‘बाई, इतके महिने होता कुठं?’

म्हटलं, ‘मागच्या बाकावर.’