मदतीचा मेसेज पाठवल्यानंतर

[पडद्यावर मोबाईल. मेसेज: "अर्जंट! लहान मुलीला रक्ताची गरज. खालील नंबरवर फोन करा. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा."]

हा मेसेज वाचला की बोट आपोआप फॉरवर्डकडे जातं. जरा थांबा. यात रक्तगट नाही, रुग्णालयाचं नाव नाही, तारीख नाही. वर दुहेरी बाण दिसतोय, म्हणजे किमान पाच हातांतून फिरून तो इथवर आलाय. असे मेसेज एका वेळी एकाच चॅटमध्ये पाठवता येतील, अशी मर्यादा व्हॉट्सअ‍ॅपने २०२० मध्ये घातली. तरी ते फिरतातच. मुलगी बरी होऊन घरी जाते आणि वडिलांचा फोन मात्र रात्री-अपरात्री वाजत राहतो.

मुळात "रक्त हवंय" एवढ्याने भागत नाही. रक्ताच्या कर्करोगावर केमोथेरपी चालू असलेल्या मुलांना अनेकदा प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला मदत करणाऱ्या पेशी, लागतात, आणि त्या पाच ते सात दिवसांपलीकडे टिकत नाहीत. एकाच दिवशी चाळीस दाते हजर झाले तर बहुतेकांना परत पाठवावं लागतं. पुढच्या आठवड्यात पुन्हा गरज पडते, तेव्हा तेच लोक यायला नाखूश असतात. म्हणून किती दाते, कोणत्या दिवशी, हे रक्तपेढीला विचारूनच मेसेज लिहायचा. आणि मुदत पहिल्याच ओळीत टाकायची: "अमुक तारखेला दुपारी चारपर्यंत. त्यानंतर हा मेसेज पुढे पाठवू नये." गरज संपल्याचा मेसेज मूळ मेसेजला कधीच गाठत नाही, मुदत मात्र त्याच्यासोबतच फिरते.

[दृश्य: लॅपटॉपवर उघडलेली शीट.]

मुलांसाठी मदत जमवायला ग्रुप काढला, तर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये १,०२४ जण मावतात. प्रत्यक्ष काम चार-पाच जणच करतात, आणि त्यात गैर काही नाही. मोठ्या ग्रुपवर फक्त अ‍ॅडमिनने लिहायचं. चर्चा, चौकशी, फोन हे सगळं छोट्या ग्रुपवर. ब्रॉडकास्ट लिस्ट, म्हणजे एकच मेसेज अनेकांना वेगवेगळा पाठवायची यादी, वापरणाऱ्यांची इथे हमखास फसगत होते. तिची मर्यादा २५६ जणांची, आणि ज्याने तुमचा नंबर सेव्ह केलेला नाही त्याला तो मेसेज मिळतच नाही.

ग्रुपवर मागणी पडली की धडाधड "मी देतो", "माझ्याकडून एक" सुरू होतं. संध्याकाळी बघावं तर एकाच मुलासाठी सहा दप्तरं आणि दुसऱ्यासाठी एकही नाही. म्हणून शीट. मागणी क्रमांक, वस्तू, नग, मुदत, जबाबदारी कोणाची, पोचलं का, एवढे रकाने पुरतात. जबाबदारीच्या रकान्यात एकच नाव. ४८ तासांत हालचाल दिसली नाही तर नाव पुसून मागणी पुन्हा खुली, त्यात भिडेला जागा नाही. मुलाचं नाव या शीटमध्ये नसतंच. नाव आणि क्रमांक यांची जोडी फक्त दोघांकडे, वेगळ्या फाइलमध्ये.

मागणी खरी आहे का, हे शीटमध्ये चढवण्याआधीच बघायचं. मेसेजमधल्या नंबरवर फोन करणं म्हणजे पडताळणी नव्हे. शाळेचा किंवा रुग्णालयाचा नंबर स्वतः शोधून तिथे फोन लावायचा. फोटो आला असेल तर तो इमेज सर्चमध्ये, म्हणजे फोटोवरून इंटरनेटवर शोध घेणाऱ्या सोयीत, टाकायचा. जुनाच फोटो नव्या गोष्टीला चिकटवलेला बऱ्याचदा तिथेच सापडतो.

[दृश्य: कानामागे बसणारं छोटं श्रवणयंत्र. शेजारी रंगीत पट्ट्यांच्या बॅटऱ्या.]

वस्तू जितकी बारीक, तितकी चूक महाग. "श्रवणयंत्राच्या बॅटऱ्या हव्यात" या मागणीवर हाताला लागेल ते पाकीट पाठवलं जातं. निळ्या पट्टीची ६७५, नारिंगी १३, तपकिरी ३१२. एकीच्या जागी दुसरी बसत नाही. या झिंक-एअर बॅटऱ्या हवेवर चालतात. पट्टी काढली की बारीक छिद्रांतून हवा आत जाते आणि बॅटरी जागी होते. पट्टी पुन्हा चिकटवली तरी ती पूर्ववत होत नाही. कोणी उत्साही स्वयंसेवक "चालतात का बघू" म्हणून सगळ्या पट्ट्या सोलतो आणि मुलाच्या हाती पडेपर्यंत पाकीट निम्मं वाया गेलेलं असतं.

जुनं श्रवणयंत्र दान आलं, तर ते त्या मुलाच्या ऐकण्याच्या तपासणीनुसार ऑडिओलॉजिस्टकडून, म्हणजे श्रवणतज्ज्ञाकडून, बसवून घ्यावं लागतं. दुसऱ्याच्या मापाने लावलेला आवाज मुलाच्या उरल्यासुरल्या ऐकण्याला इजा करू शकतो. शिवाय कानात बसणारा साचा. मूल वाढतं तसा कान वाढतो, साचा सैल होतो, यंत्र शिट्टी मारू लागतं आणि मूल ते काढून ठेवतं. लहान मुलांना काही महिन्यांतच नवा साचा लागतो. यंत्राचा खर्च उचलणारे पुष्कळ मिळतात. दुसऱ्या, तिसऱ्या साच्याचा खर्च आधीच शीटवर लिहिला नाही, तर तो कोणीच उचलत नाही.

बूट मागवताना नंबर विचारू नका, तो कंपनीगणिक बदलतो. मुलाला कागदावर उभं करून टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंतचं अंतर सेंटिमीटरमध्ये मागवा, आणि साधारण एक सेंटिमीटर वाढवून बूट घ्या.

बाळांसाठी डब्यातलं दूध मात्र ग्रुपवरून गोळा करूच नये. आपत्तीच्या काळात तर नाहीच. अस्वच्छ पाण्यात कालवलेली पावडर जुलाबाला आमंत्रण देते, आणि फुकट डबे वाटले की अंगावर पाजणाऱ्या आयांचंही पाजणं तुटतं. अशी दानं मागू किंवा स्वीकारू नयेत, असं जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचंही सांगणं आहे. ज्या बाळाला खरोखर हवंय, त्याचा प्रश्न आरोग्य यंत्रणेकडे न्यायचा.

[पडद्यावर धूसर केलेला फोटो.]

आता फोटो. चेहरा दाखवला की पैसे जास्त जमतात, हे खोटं नाही. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेनस्टीन आणि पॉल स्लोविक या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, आकडेवारीपेक्षा एका मुलाची ओळख करून दिल्यावर लोकांनी जास्त दिलं. त्या मुलासोबत आकडे जोडले की दान घटलं. म्हणूनच मोह होतो. पण संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेचं कलम १६ मुलाला खासगीपणाचा हक्क देतं, आणि गरजू असल्याने तो कमी होत नाही. "आईची परवानगी घेतली होती," हे उत्तर लंगडं आहे. समोर बिल असताना आई नाही कशी म्हणेल? मदत फोटोवर अवलंबून नाही हे आधी सांगायचं, आणि फोटोचं विचारायचंच असेल तर मदत पोचल्यावर.

चेहरा झाकला तरी गणवेशावरचा बिल्ला, मागची पाटी, दप्तरावरचं नाव बोलतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेल्या फोटोत फोन कॅमेऱ्याने नोंदवलेलं ठिकाणही तसंच राहू शकतं. बुटांचा, पुस्तकांचा, यंत्राचा फोटो टाका.

"बाळ दत्तक द्यायचं आहे, संपर्क साधा" असा मेसेज आला तर तो पुढे पाठवायचा नाही, थेट बालसंरक्षण यंत्रणेला कळवायचा. दत्तक कायद्याच्या मार्गानेच होतं. बाहेरून होतो तो व्यवहार. देणगीदाराला मुलाचा किंवा पालकांचा नंबरही द्यायचा नाही, तो कितीही भला वाटला तरी.

पैसे अ‍ॅडमिनच्या खात्यात नकोत. शाळेला, रुग्णालयाला किंवा दुकानाला थेट. हवी तेवढी रक्कम जमली की त्याच क्षणी "थांबा" लिहायचं, आणि जास्तीचे पैसे कशाला वापरणार हे मागणीतच आधी सांगायचं. पावती टाकताना मुलाचं नाव झाकायचं.

हिशेब मांडून झाला की नाव-क्रमांकाच्या वेगळ्या फाइलमधले फोन आणि पत्ते पुसायचे, आणि शीटची लिंक सगळ्यांसाठी खुली राहिली नाही ना, ते पाहायचं. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले फोटो, कागदपत्रांचे फोटोसुद्धा, फोनच्या गॅलरीत आपोआप उतरू शकतात, तिथून क्लाउडवर जाऊ शकतात. छोट्या ग्रुपमधल्या प्रत्येकाने ते आपोआप साठवणं सुरुवातीलाच बंद करून ठेवायचं. आधी उतरलेलं गॅलरीतून आणि क्लाउडवरून, दोन्हीकडून काढायचं.