काट्याला न दिसणारं वजन

व्याख्यानाच्या पत्रिकेवर विषय छापलाय ‘स्नायू, चरबी आणि विषाणूंचे आजार’. तिकडे येतोच, पण आधी बीएमआयचा, म्हणजे बॉडी मास इंडेक्सचा हिशोब चुकता करू द्या. किलोतलं वजन भागिले मीटरमधल्या उंचीचा वर्ग. एवढ्या आकड्यावर आपल्याकडे माणूस पास-नापास होतो. त्या वजनात स्नायू किती आणि चरबी किती, याचा त्यात पत्ताच नाही.

खरं तर हे पुण्यात सांगावं लागू नये. इथल्याच केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे प्रा. युडकिन यांचा 2004 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आलेला फोटो तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. दोघांचा बीएमआय तंतोतंत सारखा, 22.3. चरबी मोजली तर युडकिनांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. खाली दोघांनीच लिहिलं होतं, की एक जण मॅरेथॉन धावतो आणि दुसऱ्याचा मुख्य व्यायाम म्हणजे लिफ्टचं दार बंद व्हायच्या आत धावत गाठणं. हसू नका, सभागृहात दुसऱ्या गटाचं बहुमत दिसतंय! आणि हे जन्मापासूनचं आहे. पुण्याजवळच्या गावांतली बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची 3.5 किलोची. आपली बाळं हडकुळी, स्नायू कमी. चरबी मात्र त्या मानाने टिकून. म्हणून तर भारतीयांसाठी जादा वजनाची रेषा 25 वरून 23 वर आणली.

त्यापेक्षा टेप घ्या. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सहज सोडल्यावर, पोट आत न ओढता मोजा. पुरुषांना 90 सेंटिमीटर, बायकांना 80 ही मर्यादा. पँट पोटाखाली बांधून ‘माझी कंबर चौतीसच’ म्हणणाऱ्यांनी टेप बेंबीच्या आसपास आणावी.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. तर, विषाणू.

2009 च्या स्वाइन फ्लूत (देशातला पहिला मृत्यू आपल्याच शहरातला) अतिदक्षता विभागांत लठ्ठ रुग्ण प्रमाणाबाहेर दिसले, तेव्हा जगाचं लक्ष इकडे गेलं. कोविडमध्ये छातीचे सीटी स्कॅन निघतच होते, त्यांवरच चरबी आणि स्नायू मोजता आले. कातडीखालच्या चरबीपेक्षा आतड्यांभोवतीची चरबी गंभीर आजाराशी जास्त जोडलेली निघाली. स्नायूच्या आकाराबद्दल निष्कर्ष एकसारखे नाहीत. पण ज्या स्नायूत चरबी शिरलीय, जो स्कॅनवर कमी घनतेचा दिसतो, तो वाईट लक्षण. वय वाढलं की दोन्ही बिघडतात, त्यामुळे सगळा दोष चरबीचाच असं म्हणता येत नाही.

कारणं भराभर सांगतो. उताणं झोपल्यावर पोटातली चरबी श्वासपटल, म्हणजे छाती आणि पोट यांच्यामधला स्नायूचा पडदा, वर ढकलते, फुफ्फुसाचा खालचा भाग नीट उघडत नाही. हीच चरबी आयएल-6 सारखी दाह वाढवणारी द्रव्यं सोडते. आणि स्नायू म्हणजे अमिनो आम्लांची, प्रथिनं ज्यांची बनतात त्यांची, ठेव. तापात शरीर ती मोडतं, कारण रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना त्यातलंच ग्लुटामिन हे अमिनो आम्ल लागतं. ठेव कमी असेल तर खोकल्याचा जोरही जातो, कफ अडकतो. अतिदक्षता विभागात दहा दिवसांत मांडीच्या स्नायूच्या आडव्या छेदाचं क्षेत्रफळ, म्हणजे त्याची जाडी, सुमारे 18 टक्क्यांनी घटलेलं मोजलंय.

घरी पोटरी मोजा, सर्वांत जाड जागी. पुरुषांत 34 आणि बायकांत 33 सेंटिमीटरच्या खाली असेल तर तपासून घ्या. पाय सुजले असतील तर हा आकडा धरू नका. हात छातीशी बांधून खुर्चीतून पाच वेळा उठा-बसा, 12 सेकंद किंवा जास्त लागले तर स्नायू अशक्त असू शकतात. आजारपणात प्रथिनं रोज वजनाच्या किलोमागे 1.2 ग्रॅम तरी हवीत, म्हणजे 60 किलोला 72. अंड्यात जेमतेम सहा असतात. नुसत्या पेजेवर ते जमत नाही. पेजेत मुगाची डाळ घाला, दही-ताक घ्या, ताप उतरला की खोलीतल्या खोलीत चाला. मूत्रपिंडाचा त्रास असणाऱ्यांनी प्रथिनांचा आकडा डॉक्टरांनाच विचारावा. प्रश्न चहाच्या वेळी घेतो, अध्यक्ष घड्याळ दाखवताहेत.